सुमनबाईंची बेल

माझ्या सायकलीला दोन बेल आहेत. एक सायकलीबरोबर आलेली, अंगठ्यानं दाबायची, नाजूक आवाजाची. दुसरी जुनी, वाटीएवढी, गंजाचे ठिपके पडलेली. ती वाजली की कठड्यावरची माकडं उठून झाडावर जातात. मी ही सायकल ज्या रस्त्यावर चालवतो तिथं एकही वाहन येत नाही. मग दोन दोन बेल कशाला, असं लोक विचारतात. चष्म्याच्या दुकानदाराला लोक काहीही विचारतात. मी "असू द्या की" म्हणतो आणि फ्रेम पुसायला घेतो. इथं मात्र सांगून टाकतो. ती मोठी बेल सुमनबाईंची.

आधी रस्त्याचं सांगायला हवं. येडशीजवळ बालाघाटच्या डोंगरात अभयारण्य आहे आणि त्यातून एक जुना घाटरस्ता जातो. नवा रुंद रस्ता झाला तशी सगळी वाहनं तिकडं वळली आणि जुन्या घाटाला वर एक, खाली एक अशी फाटकं लागली. फाटकाच्या कडेला माणूस किंवा सायकल जाईल एवढी वाट ठेवली आहे, बस्स. डांबर अजून धड आहे. 'हॉर्न वाजवा'चे फलक तसेच उभे आहेत, त्यांच्यावर वेली चढल्यात. सीताफळीची झुडपं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकून आलीत. गाड्या नसल्या की रस्ता केवढा रुंद असतो, हे मला तिथं कळलं. डॉक्टरांनी साखरेच्या नावानं मला चांगलंच घाबरवलं होतं. मी सायकल घेतली आणि दर रविवारी ती गाडीच्या मागं बांधून धाराशिवहून तिथं जाऊ लागलो. घाटात मी एकटाच असायचो आणि मला ते फार आवडायचं. मग सुमनबाई आल्या. एकटेपण गेलं याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा त्या दुकानात आल्या तेव्हा साडीवर खाकी कोट होता. मी "बसा" म्हणालो.

"बसून काय हुतंय? उभ्यानंच तपासा."

कसंबसं खुर्चीवर बसवलं, तर दर दोन ओळींनी उठायच्या. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं त्यांनी शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं वाचली. बाहेर थांबलेलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. वाचता वाचता त्यांचा एक हात सारखा वर जात होता, काहीतरी धरायला. वर पंखा होता. मी घाबरून पंखा बंद केला.

"लांबचं नीट दिसंल असा द्या," त्या म्हणाल्या. "जवळचं लई बघितलं. तिकिटं, चिल्लर आन् लोकांची तोंडं."

"लांबचं काय बघायचंय?"

"घाट."

मला वाटलं, बाई गंमत करतायत. पण गंमत करण्याइतकं त्या कधी स्थिर राहतच नसत. सुमनबाई एसटीत कंडक्टर होत्या, गाडीतल्या लोकांच्या 'मास्तर'. नवरा डेपोत होता, तो गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. पुढची सगळी नोकरी धाराशिव, येडशी, तेरखेडा, वाशी अशी याच बाजूला गेली, आणि दिवसातून किती वेळा हा घाट चढला-उतरला याची गणती नाही. आणि एवढं करून त्यांनी घाट पाहिलाच नव्हता. येडशीला गाडी भरायची. घाट संपायच्या आत सगळी तिकिटं फाडून व्हायला हवीत. त्यामुळं घाट लागला की यांची पाठ पुढं आणि तोंड माणसांकडं. एका हातात नोटा, एका हातात तिकिटं टोचायचा चिमटा आणि कंबर कुणाच्या तरी सीटला टेकवलेली. घाट म्हणजे त्यांच्या लेखी फक्त अंगाला बसणारे हेलकावे.

"निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला," त्या सांगायच्या. "सायेब बोलले, बाईंना या रस्त्याचा दगड न् दगड ठावं हाय. म्या मनात म्हनलं, मला एक दगड दिसला आसंल तर शपथ."

तो सल त्यांना बसू देईना. नाहीतरी त्या बसणाऱ्यातल्या नव्हत्याच. जेवायच्या उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. चहा प्यायच्या दारात. लग्नाच्या पंगतीत शिरल्या की पाच मिनिटांत "चला, पुढं सरका, मागं जागा हाय" करत अख्ख्या पंगतीची फेररचना करून टाकायच्या. हातात किल्ली असायचीच. तिनं काउंटरवर, फाटकाच्या लोखंडावर, माझ्या सायकलीच्या दांड्यावर सारखी टकटक. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, किल्ली खिशात ठेवा." ठेवली. मग नखानं टकटक सुरू झाली. आता त्या पुण्याला लेकाकडं असतात. फोन आला की मागं चपलांचा आवाज येत असतो. बोलतात तेवढा वेळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात.

चष्मा मिळाल्यावर दुसऱ्याच रविवारी त्या खालच्या फाटकाशी हजर. सोबत कुणाकडून तरी आणलेली लेडीज सायकल आणि तिच्यावर ती वाटीएवढी बेल.

"येते का चालवता?" मी विचारलं.

"माहेरी तेरला, लहानपणी, भावाची चालवायचे. नदीकडच्या उतारावर."

"मग ठीक."

"थांबायचं तेवढं जमायचं न्हाय," त्या हसल्या. "भाऊ फुडं हात पसरून उभा ऱ्हायचा. तो धरायचा."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस ऐकतो एक आणि त्याचा अर्थ कळतो भलत्याच वेळी.

सुमनबाईंचा घाट चढण्याचा प्रकार बघण्यासारखा होता. थोडं चालवायच्या, थोडं ढकलायच्या, आणि तोंड एक क्षण बंद नसायचं. वळणांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. सरकारी फलकावर नुसतं 'धोकादायक वळण' असायचं. यांचं 'चिल्लरीचं वळण', कारण तिथं गाडी अशी कलायची की हातातली नाणी सुटून सीटखाली जायची. त्याच्या खालचं 'वकारीचं वळण', ते का हे सांगायला नको. एकदा त्या डोळे मिटून, माझ्या सायकलीचं कॅरिअर धरून चालत राहिल्या आणि प्रत्येक वळणाच्या आधी त्यांची कंबर बरोबर त्या बाजूला झुकली. डोळे उघडले की मात्र सगळंच नवं. "ही कंची झाडं?" "हा कठडा दगडी हाय व्हय?" शाळेच्या सहलीला आलेल्या मुलीनं विचारावं तसं विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत पुढं गेलेल्या असायच्या.

वकारीच्या वळणाच्या वर कठड्यापाशी झाडी थोडी विरळ होते आणि खाली दरीत तळं दिसतं. हिवाळ्यात गवत पिवळं पडलं की ते जास्तच निळं वाटतं. त्या दिवशी सुमनबाई तिथं पोचल्या आणि बोलायच्या थांबल्या. मी मागं होतो. मला वाटलं, दम लागला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "हितं तळं हाय?"

"आहे की."

"कवापासनं?"

"बाई, ते जुनं तळं आहे. पहिल्यापासून आहे."

त्या माझ्यावर भडकल्या, जसं काही मीच लपवून ठेवलं होतं. "येवढी वर्सं माज्या पाठीमागं हुतं आन् मला कुनी सांगितलं न्हाय! गाडीत येवढी मानसं असायची. एक तरी म्हनायचं, ओ मास्तर, जरा वळून बगा." डोळ्यांना पाणी आलं होतं. ते त्यांनी चष्मा न काढताच पुसायचा प्रयत्न केला आणि काच डागाळली. मी रुमाल दिला. त्या दिवसापासून मला त्यांचा राग येईनासा झाला.

घाट बघून झाला, पण बाईंचं समाधान झालं नाही. आता एक नवंच मनात घेतलं. त्या चढायच्या सायकलवर, उतरायच्या मात्र हातात सायकल धरून, पायी. एका रविवारी मी त्यांच्या पुढून सुसाट खाली गेलो आणि फाटकाशी त्यांची वाट बघत बसलो. त्या आल्या त्या धुसफुसतच. "घाट आपुन चालवल्याबिगर आपला न्हाय. आजवर मस्तानभाईंनी उतरवला. आता येकदा तरी म्या माज्या हातानं उतरवनार."

मस्तानभाई म्हणजे त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. आता हयात नाहीत. दोघांची ड्यूटी वर्षानुवर्षं एकत्र. बोलणं फारसं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं होतं, "बाई, घंटी तुमारी, गाडी मेरी." तेवढ्यावर दोघांनी नोकरी काढली. बाईंनी दोनदा दोरी ओढली की गाडी निघायची, एकदा ओढली की थांबायची. एका दिवाळीत तेरखेड्याचा एक माणूस भाजीच्या पोत्यात फटाके घालून गाडीत चढला. ऐन घाटात बाईंना वास आला. त्यांनी एक बेल मारली. मस्तानभाईंनी का, कशाला, काही विचारलं नाही. चढावर, जिथं कुणी गाडी थांबवत नाही, तिथं थांबवली. बाईंनी माणूस आणि पोतं दोन्ही खाली उतरवलं. मग त्याला एकट्याला घाटात सोडणं बरं वाटेना, म्हणून मागून एक ट्रॅक्टर येईपर्यंत अख्खी गाडी उभी ठेवली. लोकांनी आरडाओरडा केला. मस्तानभाई स्टिअरिंगवर हात ठेवून पुढं बघत बसले होते. दोन बेल पडल्या तेव्हा गाडी हलली.

"एक बेल दिली आन् गाडी थांबली न्हाय, आसं माज्या नोकरीत झालं न्हाय," बाई सांगायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

मी त्यांना घाट उतरू द्यायला नको होता, असं त्यांचा मुलगा संतोष पुढं म्हणाला. पण सुमनबाईंना कोण देणार आणि कोण अडवणार? त्या रविवारी वरच्या फाटकाशी त्या सायकलवर बसल्या आणि निघेचनात. मी म्हणालो, "चला."

"बेल द्या की."

मी माझी नाजूक बेल दोनदा वाजवली. त्या निघाल्या. पहिलं वळण छान घेतलं. दुसरं जरा रुंद. मी मागून ओरडत होतो, "ब्रेक, बाई, ब्रेक!" चिल्लरीच्या वळणाआधी उतार एकदम वाढतो. खाकी कोट वाऱ्यानं फुगला. आणि तेवढ्यात मला बेलचा आवाज आला. खणखणीत, एकच.

त्यांनी ब्रेक दाबलाच नाही. सरळ घाणेरीच्या झुडपात गेल्या.

मनगट मोडलं, चष्मा वाकला, तोंडावर ओरखडे. नशीब म्हणायचं की दगडी कठडा तिथून पुढं सुरू होतो, नाहीतर डोकंच फुटलं असतं. खालच्या फाटकावरचे राखणदार नामदेवमामा आणि मी, आम्ही दोघांनी त्यांना धरून खाली आणलं. दवाखान्यात प्लास्टर होईस्तोवर त्या गप्प होत्या. सुमनबाई गप्प बसलेल्या बघून मला भीतीच वाटली. मग म्हणाल्या, "भाऊ, कुनाला सांगू नका."

"काय?"

"भ्याले आन् म्या बेल मारली. बेल मारली आन् गाडी थांबायची वाट बगत बसले."

मला आधी हसू आलं. त्याही हसल्या. मग हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि ते रडणं मनगटासाठी नव्हतं. "जलमभर आसंच केलं की वो म्या," त्या म्हणाल्या. "बेल द्यायची. थांबवनारा दुसरा. ब्रेक माज्या हातात हाय, हे ध्यानातच आलं न्हाय." मी वाकलेला चष्मा खिशात घातला आणि म्हणालो, नीट करून देतो.

संतोष पुण्याहून धावत आला. चांगला मुलगा. आई एकटी राहते याची त्याला काळजी होतीच, त्यात हे. प्लास्टर निघालं की तो त्यांना कायमचं पुण्याला नेणार असं ठरलं. बाई "व्हय" म्हणाल्या. गुडघे कुरकुरत होतेच, आणि नातीला बघायची ओढही होती. पण सायकल काही देऊन टाकली नाही. संतोषला सांगितलं, "यीन. घाट उतरले की यीन."

ते दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. दुकानात यायच्या, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या, आणि चांगल्या हाताची बोटं मिटायच्या, उघडायच्या. मिटायच्या, उघडायच्या. गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघत राहायचं. "काय करताय बाई?" मी विचारलं. "बोटास्नी शिकवतीय," त्या म्हणाल्या. प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्या हाताचीही शाळा सुरू झाली. मग सपाटीवर, वरच्या फाटकाच्या अलीकडं, सायकल चालवायची आणि मी "थांबा" म्हणालो की ब्रेक दाबायचा. पण दचकल्या की अंगठा बेलकडं जायचाच. दर वेळी. एकदा समोरून मोर गेला आणि बाईंनी त्याला बेल मारली. मोर गेला निघून, बाई कडुनिंबाला थडकल्या.

पुण्याला जायच्या दिवशी सकाळी त्या वरच्या फाटकाशी आल्या तेव्हा सायकलीवर बेल नव्हती. ती त्यांच्या हातात होती, पान्यासकट.

"ही तुमच्या सायकलीला बशिवा," त्या म्हणाल्या. "आजपासनं तुमी मास्तर. मी डायवर."

मी बसवली. संतोष सामान भरलेली गाडी घेऊन खालच्या फाटकाबाहेर थांबला होता. त्यालाही हे पटलेलं नव्हतं, पण आईशी वाद घालून काय होतं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"फाटक दिसलं की येक बेल द्या," बाईंनी बजावलं. "मी थांबते. संत्या उभा आसंल तितं."

मी दोन बेल दिल्या. माकडं उठली. सुमनबाई निघाल्या.

मी मागं होतो आणि मला माझ्या साखरेपेक्षा त्या उताराची जास्त भीती वाटत होती. पहिल्या वळणावर ब्रेक करकरला. इतका बेसूर आवाज मला कधी एवढा गोड वाटला नव्हता. दुसरं वळण. चिल्लरीच्या वळणाआधी उतार वाढला, कोट फुगला, आणि मला दिसलं, त्यांचा उजवा अंगठा बेलच्या रिकाम्या जागेकडं गेला. तिथं काही नव्हतं. एक क्षण तो अंगठा तसाच हवेत राहिला. मग चार बोटं मिटली. सायकल हळू झाली, वळली, पुढं गेली. मी मोठ्यानं ओरडलो, काय ते आता आठवत नाही. त्यांनी मागं पाहिलं नाही.

तळ्यापाशी त्या थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच ब्रेक दाबला, एक पाय टेकवला, कठड्यावरून खाली बघितलं. मी मागं येऊन थांबलो. किल्लीची टकटक नाही, नखाची नाही. सुमनबाईंना एका जागी इतकं शांत उभं राहिलेलं मी तेवढंच पाहिलं. मग त्यांनी मान थोडी मागं वळवली, आणि मला कळलं. मी दोन बेल दिल्या.

पुढची वळणं मोकळी आहेत. त्या सहज उतरत होत्या, डावीकडची बाजू धरून, जसं समोरून काही येणारच आहे. शेवटचं वळण गेलं आणि फाटक दिसलं. नामदेवमामा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. कडेच्या वाटेच्या पलीकडं संतोष होता. आई येताना बघून तो पुढं धावला आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला.

ठरल्याप्रमाणं मी एक बेल दिली. घाटात घुमली ती.

सुमनबाईंनी ब्रेक दाबला. सायकल अगदी हळू झाली, पाय टेकवता येईल इतकी हळू. तशीच ती कडेच्या वाटेतून अलगद बाहेर पडली. मग त्यांनी बोटं सैल सोडली, संतोषच्या पसरलेल्या हातांना वळसा घातला, सामानानं भरलेल्या गाडीच्या शेजारून गेल्या आणि पायडल मारायला लागल्या. गावाकडं जाणारा रस्ता पुढं थोडा चढाचा आहे. चढावर त्या सीटवरून उठून उभ्या राहिल्या आणि उभ्यानंच पायडल मारत राहिल्या. खाकी कोट चिंचेच्या झाडांखाली लहान लहान होत गेला.

मी फाटकाशी येऊन थांबलो. संतोषचे हात अजून तसेच होते. ते त्यानं हळूच खाली घेतले.

"काका," तो म्हणाला, "बेल ऐकू नाही आली का आईला?"

"आली," मी म्हणालो.